भागीचे घोडे आणि भागीचे विमान

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ अशी आपली एक जुनी म्हण आहे. किवण म्हणजे चिघळून किडे पडलेली जखम. घोड्यावर बसायला चौघे पुढे, पण त्याच्या पाठीवरची जखम धुवायला एकही नाही. अशा घोड्याचे दुसरे काय व्हायचे? ही म्हण लहानपणापासून इतक्या वेळा कानांवर पडते, की चारचौघांच्या मालकीची वस्तू नासायचीच, हा जणू निसर्गनियमच आहे अशी आपली समजूत होऊन बसते. बस मोडकी का? सर्वांची म्हणून. ग्रंथालयातल्या पुस्तकाची पाने फाटलेली का? सर्वांची म्हणून. नळाला पाणी का नाही? तेही सर्वांचेच म्हणून!

अर्थशास्त्राच्या वर्गात हीच म्हण परदेशी पोशाख घालून येते. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाच्या शोकांतिकेवर एक निबंध लिहिला. कुरण सर्वांचे असले की प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडतो आणि शेवटी गवताची काडीही उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. या निबंधाचा आधार घेऊन ‘सगळे खाजगी करा म्हणजे सगळे सुधारेल’ असे सांगणारे पंडित पुढे पुष्कळ निघाले. मला मात्र या पंडितांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. सामाईक मालकी इतकी वाईट, तर जगातले सर्वांत श्रीमंत लोक आपली विमाने भागीत का घेतात?

होय, भागीत! त्या व्यवहाराची रीत अशी. स्वतःचे जेट विमान घ्यायचे तर प्रचंड रक्कम लागते. वैमानिकांचे पगार, हँगरचे भाडे, दुरुस्ती आणि विमा हे खर्च निराळेच. एवढे करून ते विमान वर्षातले बहुतेक दिवस उभेच. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड सँतुली या गणिताच्या अभ्यासकाने यावर तोड काढली. एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन ही १९६४ पासूनची कंपनी त्याच्या ताब्यात होती. तिच्यातर्फे त्याने ‘नेटजेट्स’ या नावाने विमानाचे वाटे विकायला काढले. विमान वर्षाला आठशे तास ग्राहकांसाठी उडेल असे धरायचे आणि त्याचे सोळा भाग पाडायचे. एक भाग घेणाऱ्याला वर्षाला पन्नास तास मिळतात. विमानावर चौघांनी एकदम हक्क सांगितला तर? तर त्याच जातीचे दुसरे विमान पाठवायचे. म्हणजे आपल्या वाट्याचे विमान कोणते, याला महत्त्वच उरले नाही. सांगितल्या वेळी विमान दारात आले म्हणजे झाले.

सोळावा हिस्सा म्हणजे रुपयातला एक आणा! १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणा बाजारातून गेला. पण सामाईक विहिरीत कोणाचा दोन आणे हिस्सा, कोणाचा चार आणे, ही भाषा आपल्या खेड्यांत अजून ऐकू येते. आपल्या शेतकऱ्याने विहिरीला लावलेला हिशेब सँतुलीने विमानाला लावला, एवढाच काय तो फरक.

आता महत्त्वाचा मुद्दा असा, की हे भागीचे विमान किवणाने मरत का नाही? त्याचे उत्तर या व्यवहाराच्या तीन देण्यांत आहे. पहिले देणे वाटा विकत घेण्याचे. दुसरे, विमान उडो वा न उडो, दरमहा द्यायच्या व्यवस्थापन शुल्काचे. तिसरे, प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासावारी खर्चाचे. माझ्या मते सारे मर्म त्या दुसऱ्या देण्यात आहे. तो घोड्याच्या मोतद्दाराचा पगार आहे. आज मी घोड्यावर बसलो नाही, म्हणून मोतद्दाराचे पैसे देणार नाही, असे तिथे कोणाला म्हणता येत नाही. म्हणून जखम वेळेवर धुतली जाते आणि घोडे टुणटुणीत राहते. म्हणीतले घोडे मेले ते भागीचे होते म्हणून नव्हे. त्याला मोतद्दार नव्हता म्हणून ते मेले.

हा धंदा किती टुणटुणीत आहे ते वॉरन बफे यांच्या उदाहरणावरून दिसते. काटकसरीबद्दल प्रसिद्ध असलेल्या या गृहस्थांनी पूर्वी स्वतःसाठी एक विमान घेतले आणि त्याचे नावच ‘इनडिफेन्सिबल’, म्हणजे ज्याचे समर्थन करता येत नाही असे, ठेवले. पुढे ते नेटजेट्सचे ग्राहक झाले आणि १९९८ साली त्यांच्या बर्कशायर हॅथवेने ती सबंध कंपनीच साडेबहात्तर कोटी डॉलरला विकत घेतली. समर्थन सापडले ते असे!

आता या बाजारात विमान कंपन्या उतरतात, त्याविषयी. मोठ्या विमान कंपनीचा संसार चालतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. पुढच्या रुंद खुर्च्यांवरचे थोडे प्रवासी मागच्यांपेक्षा कितीतरी जास्त भाडे देतात आणि त्या भाड्यावर फेरीच्या खर्चाचा बराच भाग निघतो. एका अर्थाने विमानातले श्रीमंत आणि मध्यमवर्गीय एकाच घोड्याचे भागीदार असतात. विमानतळावरच्या रांगा लांबल्या, तपासण्या वाढल्या, विमाने उशिरा सुटू लागली, की पुढच्या खुर्चीवरचा माणूस कंटाळतो आणि भागीच्या जेटकडे वळतो. तो गेला की मागच्यांच्या अंगावर बोजा येतो. अशा वेळी विमान कंपनीपुढे दोन मार्ग असतात. एक, आपले मोठे विमान आणि आपली सेवा सुधारून त्याला थांबवायचे. दुसरा, तो जाणारच आहे तर त्याच्यासाठी आपणच मागचे दार उघडायचे आणि दाराशी पैसे घ्यायला बसायचे.

अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सच्या पालक कंपनीने २००१ साली दुसरा मार्ग धरला. तिने ‘ॲव्होलार’ नावाची स्वतंत्र कंपनी काढली आणि तिच्यासाठी फ्रान्सच्या दासो आणि अमेरिकेच्या गल्फस्ट्रीम या कंपन्यांच्या जेट विमानांची तजवीज सुरू केली. तेवढ्यात ११ सप्टेंबरचा हल्ला झाला आणि विमान व्यवसायाचे कंबरडे मोडले. मार्च २००२ मध्ये ॲव्होलार गुंडाळली गेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात युनायटेडने स्वतःच दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले. घरचे मोठे घोडे आजारी असताना शिंगरू विकत घेण्याचा हा प्रकार होता. २००५ साली जर्मनीच्या लुफ्तान्साने शहाणपणा केला. स्वतः विमाने न घेता नेटजेट्सशीच करार करून तिने आपल्या बड्या प्रवाशांची सोय लावली. डेल्टाने आपली खाजगी जेटची शाखा २०२० साली ‘व्हील्स अप’ या कंपनीत विलीन केली. पण २०२३ साली तीच कंपनी बुडायला आली तेव्हा डेल्टाला इतर गुंतवणूकदारांबरोबर तिच्या मदतीला धावावे लागले. एकूण अनुभव काय सांगतो? भागीच्या विमानांचा धंदा चालतो; पण मोठी विमान कंपनी त्यात उतरते तेव्हा तो बहुधा तिच्या हातून नीट चालत नाही.

आपल्या देशातही हे प्रयोग झाले. दिल्लीच्या ‘क्लब वन एअर’ने वाट्याच्या मालकीची कल्पना भारतात आणली. ताज हॉटेले चालवणाऱ्या इंडियन हॉटेल्सने सिंगापूरच्या ‘बीजेट्स’ या कंपनीत भांडवल घातले. तिचाही रोख याच बाजारावर होता. ज्या जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूच्या मैदानावर विमान उतरवले, त्यांच्याच समूहातली ही हॉटेल कंपनी. म्हणून तिचे हे पाऊल मला लक्षणीय वाटते. ‘बीजेट्स’ मात्र टिकली नाही. वाट्याच्या विमानांना मोठा ताफा लागतो आणि मोठ्या ताफ्याला पुष्कळ गिऱ्हाइके लागतात. दहा विमाने आणि मोजके भागीदार असले, की एकाला आणायला दुसऱ्या शहरातून रिकामे विमान उडवावे लागते. स्टेशनवरून रिकामी परतणारी रिक्षा जशी मालकाला परवडत नाही, तसेच हे. तरीही कल्पना मेलेली नाही. अलीकडच्या वर्षांत आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही अशा मालकीसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखली आहेत. तेव्हा उद्या एखादी भारतीय विमान कंपनी या बाजारात उतरली तर नवल नाही.

मग तिचे स्वागत करावे की निषेध? आमच्या वर्गात अशी चर्चा निघाली, की अर्धे जण ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून हात झटकतात आणि उरलेले ‘त्यांचे पैसे, त्यांची मर्जी’ म्हणून. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. चोचले म्हणावे, तर नियमित विमानसेवा नसलेल्या गावी डॉक्टर किंवा रोगी नेण्याचे कामही लहान विमाने करतात. शिवाय एकेकाने एकेक विमान घेऊन ते उभे ठेवण्यापेक्षा सोळा जणांनी मिळून एक वापरणे केव्हाही बरे. आणि ‘त्यांचे पैसे, त्यांची मर्जी’ म्हणावे, तर विमान त्यांच्या पैशाचे असेल, धावपट्टी कोणाची? आभाळ कोणाचे?

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्याला तरी विचारलाच पाहिजे. सांताक्रूझच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवरून वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी ये-जा करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच जाहीर केले, की गर्दीमुळे विमानांना शहरावर चाळीस ते साठ मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात आणि घिरट्या घालणारे विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळते. म्हणून गर्दीच्या तासांतील विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणण्यात आली, आणि गर्दीच्या काळात खाजगी जेट विमानांवर अधिक निर्बंध घालण्यात आले. दिंडोशीच्या गच्च्यांवरून पाहणाऱ्याला आभाळात विमानांचे जे दिवे दिसतात, त्यांत किती धूर आणि किती जणांचा वेळ आहे, ते या आकड्यांवरून कळते.

इथे खरा अन्याय लक्षात येतो. विमान उतरवण्याचे भाडे साधारणपणे विमानाच्या वजनावर आकारतात. पण धावपट्टी वजन ओळखत नाही, वेळ ओळखते. दीडशे-पावणेदोनशे माणसांचे विमान उतरायला जेवढी पाळी घेते, जवळजवळ तेवढीच पाळी चार माणसांचे जेट घेते. किंबहुना मोठ्या विमानामागून लहान विमान येत असेल, तर हवेतल्या भोवऱ्यांच्या भीतीने दोघांमध्ये जास्तच अंतर ठेवावे लागते. शिवाय मुंबईत विमान उभे करायला जागा अपुरी. म्हणून धनिकाला सोडून त्याचे जेट कित्येकदा दुसऱ्या गावी जाऊन उभे राहते आणि त्याला न्यायला पुन्हा रिकामे येते. म्हणजे एका माणसाच्या एका कामासाठी धावपट्टीच्या चार पाळ्या!

धोक्याचाही वाटा असतो. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक छोटे जेट पावसात मुंबईच्या धावपट्टीवरून घसरले. आत आठ माणसे होती आणि ती वाचली. पण धावपट्टी बंद पडली आणि हजारोंचा खोळंबा झाला. त्याआधी २८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या जागृतीनगरात चाचणीसाठी निघालेले एक छोटे विमान कोसळले. विमानातले चौघे गेले आणि खाली रस्त्यावरचा एक पादचारीही गेला. त्या विमानात त्याचा आण्याचाही वाटा नव्हता. धोक्यात मात्र त्याला सोळा आणे वाटा मिळाला.

म्हणून मी म्हणतो, की श्रीमंतांनी विमान भागीत घेतले याचा राग नको. त्यांनी भागी अर्धीच केली, हा माझा आक्षेप आहे. जे त्यांचे आपसातले, त्याचा हिशेब त्यांनी तासातासाने ठेवला. जे सगळ्या शहराचे, त्याचा ठेवलाच नाही.

हे काही विमानापुरते नाही. गोरेगाव किंवा मालाड स्टेशनच्या पूर्वेला संध्याकाळी उभे राहिले, तर हेच अर्थशास्त्र जमिनीवर दिसते. एका बाजूला बसची रांग, दुसऱ्या बाजूला शेअर रिक्षांची. रिक्षात तिघे जण, म्हणजे प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांश. आमचे भागीचे विमान ते हेच! ज्याला चार पैसे जास्त देता येतात तो बसची रांग सोडून रिक्षाकडे जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कोणाला कामावर पोचायचे असते, कोणाला तासाला. पण तो गेला की बसचे उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की फेऱ्या घटतात, आणि फेऱ्या घटल्या की आणखी चौघे रांग सोडतात. मागे उरतात ते ज्यांना जाताच येत नाही असे: म्हातारी माणसे, घरकामाला जाणाऱ्या बायका, शाळेची मुले. बेस्टचा स्वतःच्या गाड्यांचा ताफा गेली कित्येक वर्षे रोडावत गेला आणि ९ मे २०२५ पासून किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. बसच्या भागीच्या घोड्याची जखम अशी चिघळते, आणि मग आपणच म्हणतो, ‘पाहा, म्हण खोटी नाही!’

पण म्हण खोटी पाडणारी उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. बंधारा सर्वांचा, पाट सर्वांचा. पण पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या नेमलेला असे आणि त्यांचा मेहनताना शेतकरी मिळून देत. पाटाचा गाळ काढायला घरटी माणूस जाई. सामाईक संपत्ती लोक असे नियम करून टिकवतात, हे जगभरच्या उदाहरणांवरून दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. जगाने त्यांचे कौतुक केले ते योग्यच. पण ही विद्या खानदेशातल्या शेतकऱ्याला नवी नव्हती.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्या दिंडोशीत नागरी निवारा परिषदेची वसाहत उभी आहे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत यांच्यासारख्या समाजवादी कार्यकर्त्यांनी १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेतला, सामान्य माणसाच्या घरासाठी जमीन मागितली आणि वर्षानुवर्षे झगडून हजारो कुटुंबांना सहकारी संस्थांत घरे मिळवून दिली. सहकारी सोसायटी म्हणजे तरी काय? भागीचे घोडेच! जिना सर्वांचा, गच्ची सर्वांची, पाण्याची टाकी सर्वांची. आणि ते घोडे जिवंत राहते ते महिन्याच्या मेंटेनन्सवर. तळमजल्यावरचा माणूस ‘मी लिफ्ट वापरत नाही’ म्हणाला आणि वरच्या मजल्यावरचा ‘मी गावाला गेलो होतो’ म्हणाला, तरी देणे चुकत नाही. नेटजेट्सच्या ग्राहकाचे मासिक शुल्क आणि आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स, तत्त्व एकच. ज्या बाईंना मुंबई ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखत होती, त्यांना हे तत्त्व सँतुलीकडून शिकावे लागले नाही.

मग उद्या या बाजारात उतरणाऱ्या विमान कंपनीला आपण काय सांगावे? माझ्या मते तीन अटी. पहिली, गर्दीच्या तासांत मुंबईच्या धावपट्टीवर चार माणसांच्या विमानाला पाळी नाही. २०२४ चा निर्बंध सैल होता कामा नये. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले म्हणून ही अट सोडू नये. नवी जागा भरायला आपल्या शहराला वेळ लागत नाही. दुसरी, धावपट्टीचे भाडे विमानाच्या वजनावर न घेता पाळीवर घ्यावे, आणि रिकाम्या फेरीलाही ते माफ नसावे. तिसरी, भागीच्या जेटचा जमाखर्च मोठ्या विमानाच्या जमाखर्चापासून अगदी अलग ठेवावा; मागच्या खुर्चीवरच्या प्रवाशाच्या तिकिटातून पुढच्या माणसाचे मागचे दार बांधले जाऊ नये. या अटी मान्य असतील तर कंपनीने खुशाल विमाने विकावीत, एकेक आण्याने विकावीत.

आणि आपण? मित्रांनो, आपल्यापैकी कोणी जेटचा सोळावा हिस्सा घेईल असा संभव कमीच. पण बस, ग्रंथालय, सार्वजनिक रुग्णालय आणि नगरपालिकेची शाळा यांत आपला प्रत्येकाचा वाटा आहेच. तो कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेला नसतो, एवढेच. ज्या दिवशी आपल्याला परवडू लागेल त्या दिवशी आपणही रांग सोडून जाऊ. जाण्याचा हक्क कोणी नाकारत नाही. पण जाताना मोतद्दाराचा पगार बंद करून जाता येणार नाही, कराच्या रूपाने तो दिलाच पाहिजे, असा नियम करण्याचा आग्रह आजच धरायला हवा. श्रीमंतांनी आपल्या विमानासाठी हा नियम केव्हाच करून ठेवला आहे. तो आपल्या बसला लावायला कोणाची हरकत असावी?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)